डोंगरावरची कोल्हापूरकरीण

आमच्या चर्चची मंडळी नेपाळला सेवेसाठी जाणार असं ठरलं, तेव्हा मला निवृत्त होऊन चारच महिने झाले होते. कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात मी तीस वर्षं नर्स होते. सकाळी उठून कुठं जायचं नाही, याची अजून सवय झाली नव्हती. नवरा उचगावला फौंड्रीत जायचा, मुलगी लग्न होऊन साताऱ्याला. दुपारी घरात फक्त फ्रिजचा आवाज. त्यामुळे रविवारच्या उपासनेनंतर आमच्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, जाणाऱ्यांची यादी फिरवली तेव्हा दुसरं नाव मी माझंच लिहिलं.

घरी सांगितल्यावर नवरा म्हणाला, "जा की. पण गुडघ्याला विचारलंस का?"

गुडघ्याला कोण विचारतंय! मला खरं तर वेगळाच आनंद झाला होता. माझ्या आजोबांच्या लहानपणी गोऱ्या मडमा बोटीनं समुद्र ओलांडून कोल्हापुरात यायच्या, आजाऱ्यांची मलमपट्टी करायच्या, मुलांना शिकवायच्या. त्यांच्या गोष्टी ऐकत आम्ही मोठे झालो. आता त्यांनीच उभ्या केलेल्या चर्चमधली माणसं दुसऱ्या देशात सेवेला निघाली होती. आपलीही पाळी आली, असं मनात आलं, आणि ते जरा जास्तच आवडलं. सोसायटीत सगळ्यांना मी 'परदेशात' जातेय असंच सांगत होते. शेजारीण म्हणाली, "नेपाळ म्हणजे काय फॉरेन व्हय?" ते मी मनावर घेतलं नाही.

आम्ही नऊ जण होतो. एक प्लंबर, दोन गवंडीकाम जाणणारे भाऊ, कॉलेजची तीन मुलं, पाळकसाहेब, मी, आणि माझ्याबरोबर एक तरुण नर्स. डॉक्टरही येणार होते, पण ऐनवेळी त्यांच्या आईला दवाखान्यात ठेवावं लागलं. मग पाळकसाहेबांनी आम्हा दोघींना बजावलं, "तुम्ही बीपी, शुगर मोजायची. त्रास दिसला तर खालच्या आरोग्य चौकीत जायला सांगायचं. आपण होऊन औषध द्यायचं नाही. आणि तिथला कायदा कडक आहे, धर्माबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. आपली प्रार्थना आपल्या खोलीत. बाहेर फक्त हात चालवायचे."

निजामुद्दीनच्या गाडीनं दिल्ली, तिथून बस, आणि मग सीमेवर नदीच्या बंधाऱ्यावरून बॅगा घेऊन चालत पलीकडे. परदेशात पाऊल टाकताना काहीतरी वाटेल अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात पोलिसानं माझं मतदार ओळखपत्र उलटसुलट करून बघितलं आणि जांभई दिली. पुढं जीपनं दीड दिवस डोंगर. जिथं रस्ता संपला तिथून दोन तास चढ. वर एक शाळा, पंचवीसेक घरं, पायऱ्यापायऱ्यांची शेतं, आणि खूप लांब, ढगांच्याही वर, बर्फाची एक ओळ. तिला डोंगर म्हणावं हे मला पहिल्यांदा कळलंच नाही. मी ढगच समजले होते.

गवंड्यांनी आणि प्लंबरनं दुसऱ्याच दिवशी शाळेच्या संडासांचं आणि पाण्याच्या टाकीचं काम हातात घेतलं. आम्ही दोघींनी शाळेच्या ओसरीवर टेबल मांडलं. शाळेचे मास्तर हिंदी जाणत होते, ते आमचे दुभाषे. गावात पुरुष फार नव्हतेच. बायका, म्हातारी माणसं आणि मुलं. बायका पाठीवरची टोपली उतरवायच्या, दंड पुढं करायच्या, आणि मशीनचा पट्टा घट्ट झाला की हसायच्या.

दुपारकडे एक बाई येऊन बसली. सुरकुतलेला चेहरा, नाकात सोन्याची मोठी चमकी, अंगावर मांस म्हणून नाही. मी पट्टा बांधला, तो तिच्या दंडाभोवती दोनदा फिरला. मी तरुण नर्सला आपल्या भाषेत म्हणाले, "बघ की गं हिच्याकडे. हाडंच आहेत नुसती."

त्या बाईनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हाडं हायत म्हणूनच डोंगूर चढतोय की, बाई."

माझ्या हातातला रबरी फुगा सुटला. तरुण नर्स खुर्चीतून उठूनच उभी राहिली. मास्तर आमच्या तिघींकडे आळीपाळीनं बघत राहिले. त्यांना काय झालं तेच समजेना.

"तुम्ही... तुम्हाला मराठी येतं?" मी विचारलं.

"येत न्हाय व्हय? चौदा वर्सं ऱ्हायलो की कोल्हापुरात. राजारामपुरीत. मालक वॉचमन हुता बिल्डिंगला, मी भांडी घासत हुतो चार घरची." मग तिनं दंड परत पुढं केला. "बगा, काय म्हणतंय मशीन ते."

मी तिचं 'मी हुतो' ऐकलं. आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, 'मी आलो, मी जातो'. दोन दिवसांची रेल्वे, दीड दिवसाची जीप आणि दोन तासांचा चढ, एवढं सगळं करून मी कोल्हापुरातच येऊन बसले होते. पण त्याहीपेक्षा मला लाज वाटली होती. हाडांचं ते वाक्य मी तिच्या तोंडावर बोलले होते, तिला कळणार नाही एवढ्याच भरवशावर.

मशीननं एकशे नव्वद दाखवलं. खालचा आकडा एकशे दहा. मी पुन्हा मोजलं, दुसऱ्या हातावर मोजलं. तेवढंच.

"मावशी, हे लई जास्त आहे. डोकं दुखतं का?"

"दुखतंय. दुखू दे. आणि मावशी कुणाला म्हणताय? मी बावन्न वर्सांची हाय."

मी सत्तावन्नची.

तिची गोष्ट ती जाता जाता सांगून गेली. नवरा कोल्हापुरातच वारला, मग मुलाला घेऊन ती गावी आली. मुलगा आता गोव्यात हॉटेलात स्वयंपाकाला होता. घरात ती आणि सून. खालच्या आरोग्य चौकीत तिला दोन वर्षांपूर्वी बीपीच्या गोळ्या दिल्या होत्या, फुकट. महिनाभर घेतल्या, डोकं थांबलं, मग सोडल्या.

"सोडल्या का?"

"बरं वाटलं न्हवं? मग कशाला खायच्या?"

"आता परत जा. उद्याच जा."

"ती चौकीतली नर्स पोरगी वरडतीया. न्हाय जात मी." आणि टोपली पाठीवर घेऊन ती निघालीसुद्धा. चार पावलांवरून वळून म्हणाली, "आणि तुमी आठ दिसांनी जाणार. मग माज्या डोक्याचं कोण बघणार हाय?"

त्या संध्याकाळी खोलीतल्या प्रार्थनेत मी हात जोडून बसले होते, पण माझं लक्ष नव्हतं. पाळकसाहेबांना मी म्हणाले, "तिला मी स्वतः खाली घेऊन जाते." ते म्हणाले, "तुमचा गुडघा?" सगळ्यांना माझ्या गुडघ्याचीच पडलेली.

दोन दिवस मी तिच्या मागं लागले. शेवटी तिसऱ्या दिवशी ती तयार झाली, मला वाटतं निव्वळ माझी कटकट बंद व्हावी म्हणून. सकाळी आम्ही निघालो. ती, तिची सून आणि मी. ती चपला हातात घेऊन उतरत होती. मी नवीन बूट घालून. मी तिला समजावत होते, की बीपी म्हणजे काय, नसेवर ताण कसा येतो, गोळी रोज का घ्यायची. दवाखान्यात तीस वर्षं जसं सांगितलं तसं. बोलण्याच्या नादात ओल्या दगडावर पाय पडला, आणि मी बसलेच. घोटा आत वळल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला.

ती आधी हसली. खरंच हसली, कंबरेवर हात ठेवून. मग माझा चेहरा बघितला आणि झटकन खाली बसली. बूट काढला, घोटा दाबून बघितला. "मोडलं न्हाय. मुरगळलंय." तिनं सुनेला काहीतरी सांगितलं. सून पळत वर गेली आणि पाठीवरची मोठी टोपली घेऊन आली. त्या टोपलीला एक पट्टा असतो, तो कपाळावर घेतात आणि सगळं ओझं मानेवर पेलतात. लाकूडफाटा, गवत, शेण, सगळं त्यातून नेतात.

टोपली माझ्यासाठी आहे हे लक्षात आल्यावर मी म्हणाले, "नाही नाही. मी चौऱ्याहत्तर किलो आहे!"

"त्ये दिसतंयच की," ती म्हणाली. "बसा."

मी बसले. टोपलीत पाठमोरी, पाय बाहेर, तोंड दरीकडे. पंचविशीची ती सून मला घेऊन उभी राहिली आणि चढायला लागली. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त श्वास ऐकू येत होता. समोर बर्फाची ती ओळ हळूहळू वर यायची, खाली जायची. मी रडत होते. पाय दुखत होता म्हणून, आणि आयुष्यात मला कुणी असं उचललं नव्हतं म्हणून. मी सेवा करायला आले होते. माझ्या ओझ्यानं एका पोरीची मान दुखणार होती. सासू मागून चालत माझा काढलेला बूट हातात घेऊन म्हणत होती, "हलू नका बाई, तिचा तोल जातोय."

शाळा लांब होती, त्यांचं घर जवळ. म्हणून मला तिथंच ठेवलं. मातीनं सारवलेली खोली, एक लाकडी खाट. खाट सासूची होती. त्या दिवसापासून ती खाली झोपली. मी कितीही म्हटलं तरी ऐकलं नाही. "माज्या घरात पावणं हाय तुमी. गप पडा."

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब खाली जाऊन चौकीतल्या नर्सला वर घेऊन आले. चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी, खांद्याला पिशवी, चढून आल्यामुळे गाल लाल. तिनं माझा घोटा बांधला, हिंदीत दोन गोष्टी सांगितल्या. मग सासूकडे वळली आणि जे सुरू झाली! मला त्यांची भाषा समजत नव्हती, पण एकही शब्द समजायची गरज नव्हती. गोळ्या कुणी बंद करायला सांगितल्या, स्वतःला डॉक्टर समजतेस का, मरायचंय का. मला सगळं कळत होतं, कारण तो माझाच आवाज होता. ओपीडीतल्या बाकावर बसलेल्या किती बायकांना मी अशीच ओरडले असेन! काळजीनंच ओरडायचे. पण त्यातली एखादी पुन्हा आलीच नसेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

सासू भिंतीकडे तोंड करून बसली. मी त्या मुलीचा हात धरला. "बेटी, बैठो. पहले चाय पियो." ती बसली. सुनेनं चहा दिला. मी तिला विचारलं, किती गावं बघतेस? सात, ती म्हणाली. एकटीच. मग तीही जरा सैल झाली. मी तिला माझं ओपीडीतलं ओरडणं सांगितलं, हिंदीत, तोडकंमोडकं. ती हसली आणि खाली बघत राहिली.

शेवटी ठरलं ते असं. गोळ्या सुनेच्या ताब्यात. सून दर महिन्याला बाजाराला खाली जातेच, तेव्हा चौकीतून घेऊन येणार. माझं बीपीचं मशीन तिथंच ठेवायचं, आणि आकडे वाचायला मी सुनेला शिकवायचं. सासू भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "आणि ती वरडणार न्हाय, त्ये पण ठरवा." मी ते हिंदीत सांगितलं. मुलगी म्हणाली, "कोशिश करूँगी."

उरलेले तीन दिवस मी खाटेवर. बाहेर संडासांच्या भिंती उभ्या राहिल्या, टाकी भरली, मुलांनी तिथं नाच केला. मला ते ऐकू यायचं फक्त. सून शेतावरून आली की माझ्याजवळ बसून स्वतःच्याच दंडाला पट्टा बांधायची आणि आकडे मोठ्यानं वाचायची. सासू चुलीपाशी बसून मला कोल्हापूर विचारायची. रंकाळ्याला अजून भेळेच्या गाड्या हायत का? जोतिबाच्या चैत्रातल्या जत्रंला गुलाल तेवढाच उडतोय का? तिचा नवरा एकदा खांद्यावर पोराला घेऊन सगळा डोंगर चढला होता, जोतिबाचा. "आमास्नी त्यो डोंगूर घरचाच वाटला," ती म्हणाली.

माझ्या पिशवीत चटणीची डबी होती. कोल्हापूरचा माणूस कुठंही गेला तरी कांदा-लसणाची चटणी नेतोच. मी ती तिला दिली. तिनं झाकण काढलं, नाकाशी धरलं, आणि बराच वेळ तशीच धरून बसली. मग बटाट्याचा रस्सा केला. सून एक घास खाऊन पाण्याला पळाली. आम्ही दोघी नाक पुसत जेवलो.

जेवताना मी विचारलं, "चार घरची भांडी घासायचीस. चांगली होती का माणसं?"

"व्हती की. एक आजी दिवाळीला लाडू द्यायची." थोडं थांबून म्हणाली, "पर एकानंबी इचारलं न्हाय, गाव कुठलं म्हणून. नेपाळ म्हटलं की झालं. नेपाळ काय एवढंसं हाय व्हय?"

मला आमच्या बिल्डिंगमधल्या वॉचमनची बायको आठवली, तीही नेपाळचीच. सहा वर्षं मी तिला जिन्यात बघत होते. मुलीच्या लग्नात तिला साडीसुद्धा दिली होती. तिचं नाव मला माहीत नव्हतं. हे मी त्या बाईला सांगितलं नाही.

निघायच्या दिवशी गावानं आम्हाला झेंडूच्या माळा घातल्या. मला पुन्हा टोपलीतच जावं लागलं, या वेळी आमच्याच कॉलेजच्या मुलांनी आळीपाळीनं नेलं, आणि दर पन्नास पावलांवर बसले. सून वरून हसत होती.

परत आल्यावर रविवारी चर्चमध्ये सगळ्यांनी आपापली साक्ष दिली, म्हणजे आलेला अनुभव सांगितला. टाकीचे फोटो दाखवले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी वेळ आल्यावर मी काठी टेकत उभी राहिले आणि म्हणाले, "मी पाच दिवस एका बाईच्या खाटेवर झोपून होते. तिनं मला करून घातलं. मी परत येताना तिचा पलंग तिला परत दिला, एवढंच माझं काम." लोक हसले. पाळकसाहेब हसले नाहीत. बाहेर पडताना त्यांनी माझा हात हातात घेतला आणि दाबला.

घरी मी वॉचमनच्या बायकोला विचारलं, तुझं गाव कुठलं. ती घाबरली. "का बाई? पोलीस आले काय?" गाव कोण विचारतं, तर पोलीस, हेच तिला माहीत. तिला समजावायला मला आठवडा लागला. मग तिनं जिल्हा सांगितला, घर सांगितलं, आणि नावही.

निघताना घेतलेल्या नंबरवर फोन सुरू राहिले. महिन्याला एकदा सून आकडे सांगायची, एकशे पन्नास, एकशे चाळीस, आणि मग फोन सासूकडे जायचा. "गोळीनं पाय सुजत्यात. पर खातोय. तुमच्यासाठी खातोय बगा." आणि थंडी सुरू झाल्यावर एक दिवस म्हणाली, "पोराकडं चाललोय गोव्याला. वाटेत कोल्हापूर लागतंय न्हवं?"

ती दोन दिवस राहिली. पहिल्या सकाळी मी उठले तर स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज. ती ओट्याशी उभी, रात्रीची सगळी भांडी घासून पालथी. मी तिच्या हातातली घासणी काढून घेतली. ती सोडेना.

"पाहुणी आहेस तू. बस."

"बसून काय करू? हात शिवशिवत्यात."

आम्ही दोघी ओढाओढी करत होतो, आणि नवरा दारात उभा राहून बघत होता. शेवटी ती घासत गेली, मी विसळत गेले. ती मला सांगत होती, की कढईला आधी राख लागायची, आता हा हिरवा साबण काय कामाचा नाही. मग खालच्या वॉचमनच्या बायकोला मी वर बोलावलं. दोघी एकमेकींशी जे बोलायला लागल्या, की मी चहा ओतून उभी राहिले तरी कुणाचं लक्ष नाही. मला एक शब्द कळत नव्हता. माझ्याच घरात मी पहिल्यांदा अशी बाजूला उभी होते, आणि मला ते फार बरं वाटलं.

दुपारी तिला माझ्या जुन्या दवाखान्यात नेऊन डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी गोळी बदलून दिली, पायाची सूज त्या गोळीचीच होती. तिनं डॉक्टरांना विचारलं, "तुमी तरी वरडणार न्हाय न्हवं?"

दुसऱ्या दिवशी मी आणि नवरा तिला पणजीच्या बसला बसवायला गेलो. बस भरलेली. तिची सीट खिडकीची, आणि तिथं एका माणसानं भली मोठी बॅग ठेवलेली. मी पुढं होऊन काही बोलणार, तोवर तिनं पदर खोचला.

"अवो पावणं," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "ती बॅग वर टाका की. मानसाची जागा हाय ही."

त्या माणसानं बॅग उचलली, तिच्याकडे बघितलं, आणि विचारलं, "कुठलं गाव म्हणायचं, मावशी?"

ती खिडकीशी ऐसपैस बसली आणि त्याला सांगायला लागली. बस निघाली तरी तिचं सांगणं संपलं नव्हतं.